हॉर्नचा घसा

मायक्रोवेव्हचा हॉर्न, म्हणजे कर्ण्यासारखा पसरत जाणारा अँटेना, म्हटलं की सगळे त्याचं पसरलेलं तोंड बघतात. मी गेले आठ महिने १ ते १८ गिगाहर्ट्झचा डबल रिज हॉर्न (आत वरून-खालून समोरासमोर धातूच्या दोन कडा, म्हणजे रिज, असलेला) बनवतोय आणि माझा सगळा जीव त्याच्या घशात अडकलाय, म्हणजे जिथे एसएमएची, म्हणजे केबल जोडायच्या छोट्या कनेक्टरची, पिन एका रिजमधून येऊन समोरच्या रिजला टेकते ना, तिथे.

साध्या हॉर्नला एवढा बँड झेपतच नाही. एक्स बँडचा (साधारण ८ ते १२ गिगाहर्ट्झ) डब्ल्यूआर-९० वेव्हगाइड, म्हणजे लहरी वाहून नेणारी धातूची पोकळ चौकोनी नळी, घ्या, आतली रुंदी २२.८६ मिमी, ६.५६ गिगाहर्ट्झच्या खालचं त्यातून पुढे जात नाही आणि १३.१ च्या वर गेलात की दुसरा मोड, म्हणजे आतल्या फील्डची वेगळी मांडणी, घुसतो. मधोमध वरून-खालून रिज आणल्या की मधली फट कपॅसिटरसारखी वागते, पहिल्या मोडचा कटऑफ, म्हणजे ती खालची मर्यादा, बराच खाली येतो, आणि दुसऱ्या मोडचं फील्ड नेमकं मध्यावरच शून्य असतं त्यामुळे त्याला रिजचा फारसा फरक पडत नाही. हे पहिल्यांदा डोक्यात शिरलं तेव्हा काय भारी वाटलं होतं! मग इम्पिडन्स (लहरीला दिसणारा विरोध) घशात ५० ओम, तोंडाशी हवेचा ३७७, आणि मधे रिज एक्स्पोनेन्शियल वळणाने एकमेकींपासून लांब नेत जायच्या.

घशात माझी फट १ मिमीची. वागळे इस्टेटमधल्या वर्कशॉपने ती अगदी चोख काढली, फिलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) बरोब्बर घासून जात होता, तरी व्हीएनएवर (सिग्नल किती परत फिरतो ते दाखवणाऱ्या यंत्रावर) २ ते ४ गिगाहर्ट्झमधे काट्यांसारखे स्पाइक. दोन आठवडे कनेक्टर बदलले, घशामागची कॅव्हिटी (पोकळी) उघडून परत बसवली, काही नाही. शेवटी हॉर्न पूर्ण खोलला आणि रिज जिथे भिंतीला बसते त्या जागी मल्टिमीटर लावला, तर कंटिन्युइटीच नाही! पार्ट सगळीकडून काळे अ‍ॅनोडाइज होऊन, म्हणजे वर ऑक्साइडचा थर चढवून, आले होते, आणि तो थर वीज जाऊ देत नाही, संपर्क होता तो फक्त स्क्रूच्या आट्यांतून कुठेकुठे. वर्कशॉपच्या काकांना फोन केला तर म्हणाले, "अहो, तुम्ही अँटेना म्हणालात, मला वाटलं काळाच हवा." ड्रॉइंगवर मी फिनिश लिहिलंच नव्हतं. आता क्रोमेटचा थर लिहितो, त्यातून वीज जाते.

रविवारभर गॅलरीत बसून पॉलिश पेपरने त्या जागा घासल्या. स्पाइक गेले.

आता उरलंय १२ गिगाहर्ट्झच्या वर मेन लोब, म्हणजे समोर जाणारा मुख्य झोत, फुटतो का ते बघणं, या जातीच्या हॉर्नचं जुनं दुखणं आहे ते. तोंड २४ सेंमी रुंद, म्हणजे झोत नीट मोजायला १८ गिगाहर्ट्झला निदान ७ मीटर अंतर हवं, घरात कुठलं मिळणार, म्हणून सेक्रेटरींकडून गच्चीची चावी मागून आणलीये.