फक्त ओठ हलव

मी महापालिकेच्या शाळांत संगीत शिकवतो. शाळा दोन, पेटी एक. सोमवार ते बुधवार एका इमारतीत, गुरुवारपासून दुसऱ्या. मला स्वतःचा वर्ग नाही, म्हणून मला काम नाही, असा स्टाफरूममधल्या बऱ्याच जणांचा पक्का समज आहे. जूनमध्ये तर विचारूच नका. वेळापत्रकात संगीताचा तास असतो आणि मी असतो पुस्तकांचे गठ्ठे मोजायला, तांदळाची पोती उतरवून घ्यायला, नाहीतर आधार कार्डावरचं नाव आणि पोर्टलवरचं नाव जुळत नाही म्हणून कुणाच्या तरी आईला फोन लावायला. "सर, तुमचा तास तसा ऑफच ना?" हे वाक्य सतरा वर्षं ऐकतोय.

यंदाही पहिला दिवस प्रवेशोत्सवात गेला. पाहुणे दीड तास उशिरा आले. तोवर पहिलीची पोरं हातात गुलाब घेऊन उभी, त्यातल्या दोघांनी पाकळ्या खाऊन संपवल्या. स्वागतगीत बसवायला मला सकाळची वीस मिनिटं मिळाली होती. सुट्टीत मामाच्या गावाला जाऊन कालच परतलेली मुलं वीस मिनिटांत काय गाणार? पण पाहुण्यांना कळत नाही आणि मुख्याध्यापकांना चालतं.

दुसऱ्या दिवशी पेटी उघडली. दीड महिना कपाटात बंद, त्यात पहिल्या पावसाची ओल. लाकूड फुगून तीन पट्ट्या दाबल्या की खालीच बसत होत्या, पांढरी चार, म्हणजे सप्तकातली चौथी पांढरी पट्टी, मुकी झालेली आणि वरच्या सप्तकातला एक सूर पट्टी सोडली तरी बोंबलत होता. दुरुस्तीचं बिल मंजूर व्हायला दिवाळी उजाडते, म्हणून स्क्रू ड्रायव्हर आणि जुना दाढीचा ब्रश माझ्याच पिशवीत असतो. मुक्या सुराच्या जिभेखालून, म्हणजे आतल्या पितळी पातीखालून, पातळ कागदाचा कपटा हळूच सरकवायचा. अडकलेला कण निघाला की तो पुन्हा बोलतो. जीभ मात्र वाकवायची नाही, वाकली की सूर कायमचा उतरला. हे मला कुठल्या परीक्षेत नाही, बाजारातल्या एका पेटीवाल्या काकांनी शिकवलं. प्रारंभिकपासून विशारद पूर्णपर्यंत सात परीक्षा दिल्या मी. रागांचे आरोह-अवरोह घोकले, तालांच्या दुगुणी लिहिल्या. आठ वर्षांच्या पोराला सा, म्हणजे गाण्याचा आधारसूर, कुठला द्यायचा, हे त्या सातांत एकदाही कुणी विचारलं नाही.

आणि खरी मेख तिथंच आहे. पुरुषाचा सा साधारण काळी एकचा. मी माझ्या आवाजात तो लावला की मुलांनी तो एक सप्तक वर उचलायचा असतो. बहुतेक मुलं आपोआप उचलतात. काही उचलत नाहीत. ती प्रामाणिकपणे जे ऐकू येतं तेच काढायला जातात, म्हणजे माझा खालचा सूर. तिथं त्यांचा आवाज पोचतच नाही, मग नुसती गुरगुर निघते. बाईमाणसाचा आवाज मुलांच्याच सप्तकात असतो, तिथं हा घोळ होत नाही. आमच्या पहिलीच्या बाई आयुष्यात सारेगम शिकल्या नाहीत, पण त्यांचा वर्ग माझ्या वर्गांपेक्षा सुरात गातो. २०२३ पासून राज्यगीत परिपाठात आलं, तेव्हापासून स्पीकरवर शाहीर साबळ्यांचा आवाज लागतो. तो आवाज कुणाला आवडत नाही? पण पोरं त्याच्यासारखं व्हायला जातात, आणि निम्मी रांग ओरडते, निम्मी घुमते.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. वेळ असला की मी पेटीच्या वरच्या सप्तकावरच सूर देतो. वेळ नसला की तोंडाने म्हणून दाखवतो. वेळ नसतोच.

वर्षाच्या पहिल्या तासाला मी गाती हजेरी घेतो. नाव सा वरून सुरू करून प वर सोडायचं, मुलाने त्याच चालीत "हजर" म्हणायचं. माझ्या वहीत प्रत्येकापुढे खूण होते. सुरात आला तर टिंब, जवळपास असला तर रेघ, नाहीतर फुली. अर्ध्या तासात अख्खा वर्ग कळतो, आणि मुलांना वाटतं खेळ चाललाय. मंगळवारी चौथी अ ची हजेरी अशीच चालली होती. शेवटून दुसऱ्या बाकावरच्या एका मुलाचं नाव मी गायलो. तो उभा राहिला. ओठ हलले, आवाज आला नाही. मी पुन्हा गायलो. पुन्हा ओठ हलले.

"अरे, घसा बसलाय का?"

पुढच्या बाकावरची मुलगी वळून म्हणाली, "सर, तो तसाच म्हणतो. तुम्हीच सांगितलंय ना त्याला, तू फक्त ओठ हलव."

वर्ग हसला नाही. हसला असता तर मला बरं वाटलं असतं. सगळ्यांना ते ठाऊकच होतं, जसं कुणाला चष्मा आहे हे ठाऊक असतं. मी विचारलं, कधी सांगितलं? दुसरीत, गॅदरिंगला. मला काहीही आठवेना. मी "बरं, बस" म्हटलं आणि पुढचं नाव घेतलं.

बुधवारी मधल्या सुट्टीत त्याला पेटीजवळ बोलावलं. खिचडीचं ताट घेऊनच आला. आधी पेटीवर सूर दिला, तर त्याने खाली मान घालून तीच गुरगुर काढली. माझा जुना आवाज त्याच्या कानात बसलेला, पेटी काय करणार! मग इकडचं तिकडचं बोलत बसलो. वडिलांची कांदे-बटाट्याची हातगाडी आहे, सुट्टीत हा बरोबर फिरायचा. म्हटलं, "मग ओरडतं कोण, बाबा की तू?"

"मी. बाबांचा घसा दुखतो."

"कसं ओरडतोस?"

त्याने ताट खाली ठेवलं, एक हात कानाला लावला आणि हाक दिली. पहिलं अक्षर पांढरी पाचवर, मग पांढरी सहावर ताणलेलं शेवटचं, कणभरही न हलता. मी पट्टी दाबून पाहिली. तंतोतंत. पुन्हा म्हणायला लावलं, पुन्हा तिथंच. सव्वातीन सप्तकांच्या पेटीत मी दोन वर्षं या पोराचा आवाज खालच्या टोकाला शोधत होतो, आणि तो वर गल्ल्यागल्ल्यांतून कांदे विकत होता.

मी म्हटलं, "हेच गाणं. आता याच आवाजात हजर म्हण." त्याचा चेहरा बदलला. तो म्हणाला, "हे गाणं नाही सर, हे ओरडणं आहे." आणि "हजर" म्हणताना पुन्हा खाली उतरला. तीनदा प्रयत्न केला. चौथ्यांदा नुसतेच ओठ हलले. मग घंटा झाली. त्याच्या वर्गशिक्षिका दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "सर, याची वजाबाकी कच्ची आहे, तुमच्या तासाला याला माझ्याकडे पाठवता का? तसाही तो गात नाही." बाई वाईट नाहीत. त्यांच्या वर्गाची चाचणी आहे आणि त्यात वजाबाकी येते, सा येत नाही.

आज रविवार. माळ्यावरून जुन्या वह्या काढल्या. दुसरीच्या वहीत त्याच्या नावापुढे फुली. तिसरीच्या वहीत फुली. गॅदरिंगच्या यादीचं पानही सापडलं. समूहगीत, बावीस मुलं. सहा नावांपुढे लाल पेनाने बारीक "ओ" काढलाय. दोन मिनिटं मलाच उलगडेना हा ओ कसला. ओळीत उभं करायच्या क्रमात त्या सहा जणांना मी माइकपासून लांब, दोन्ही कडांना टाकलं होतं.

म्हणजे एका पोराला चिडून बोलून गेलो, असं काही झालेलं नाही. त्यासाठी माझी खूण ठरलेली होती. आदल्या वर्षीच्या यादीतही आहे. त्यात सात.

सहापैकी दोघं शाळा सोडून गेली. उरलेल्या चौघांत एक ती पुढच्या बाकावरची मुलगी आहे. मंगळवारी तिने हजेरी दिली ती इतकी स्वच्छ, की मी टिंब काढून पुढे गेलो होतो.

उद्या चौथी अ ला तिसरा तास आहे. पेटीची वरची पट्टी अजून अडकतेय.