डॅशबोर्डचं सालपट

जुन्या पिकअपच्या दुरुस्त्यांची एक उतरंड ठरलेली असते. आधी इंजिन, मग ब्रेक, टायर, पाटे, शेवटी हौदा. हौद्याचा पत्रा गंजला तर आंब्याच्या पेट्या भिजतील, म्हणून त्यालाही पैसे सुटतात. डॅशबोर्डवरचा पॅड मात्र या यादीत कुठेच नसतो. तो फाटला म्हणून एकही पेटी वाशीला उशिरा पोचत नाही. आमच्या देवगडात अशा खर्चाला एकच सवाल असतो आणि काकांनी तो केलाच, "गाडी चलता मा? मगे खर्च कित्याक?"

चलता, हे खरंच. पण बाकीची दुरुस्ती गाडीची नाहीतर मालाची. ही तेवढी बसणाऱ्याची. नांदगाव तिठ्याला हायवे धरला की वाशी येईपर्यंत रात्रभर नजरेच्या टप्प्यात हेच असतं. वर्षानुवर्षं ते भेगाळलेलं, पिवळा भुगा ओकणारं सालपट बघत गाडी हाकायची आणि वर त्याला काटकसर म्हणायचं, हे मला काही पटत नाही.

शिवाय तो पॅड शोभेला आलेला नाही. पूर्वी मोटारींचे डॅशबोर्ड उघड्या पत्र्याचे असत आणि अपघातात डोकं थेट त्यावर आपटे. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींचा आतला पुढचा भाग धक्का झेलणारा हवा, असा नियमच झाला. हे मी काकांना ऐकवलं. ते म्हणाले, "मगे बेल्ट लाव." यावर बोलण्यासारखं काही उरत नाही.

पॅड मरतो तो उन्हाने. वरचं रेक्झिन म्हणजे पीव्हीसी, आणि पीव्हीसी जात्याच कडक. ते मऊ राहावं म्हणून त्यात प्लास्टिसायझर नावाचं तेलकट द्रव्य मिसळलेलं असतं. काचा लावून उन्हात उभ्या गाडीत डॅशबोर्ड ७० अंशांच्या आसपास तापू शकतो. त्या उष्णतेने हे द्रव्य हळूहळू उडतं आणि त्यातलं काही पुढच्या काचेला आतून चिकटतं. काचेवरचा जो धुरकट थर आपण कुणाच्यातरी विडीच्या नावावर खपवतो, त्यात डॅशबोर्डचाही वाटा असतो. द्रव्य गेलं की रेक्झिन आकसतं आणि तडकतं, बहुतेक वेळा काचेलगत किंवा हवेच्या झरोक्यांच्या कोपऱ्यांतून. एकदा तडा गेला की आतला फोम उघडा पडतो आणि ऊन, हवा, दमटपणा मिळून त्याचा भुगा करतात. खाऱ्या वाऱ्याचं रेक्झिनशी वैर नाही, तो धरतो स्क्रूंना. खोबरेल तेल चोपडून काही होत नाही. चार दिवस चकाकतं, मग त्यावर धूळ बसते.

नवा पॅड मागितला तर जुन्या मॉडेलचा तो बहुधा येत नाही. कुर्ल्याच्या भंगार बाजारात शोधता येतो, पण तोही कुणाच्यातरी गाडीत तेवढंच ऊन खाऊन आलेला. उरतो कणकवलीचा कुशनवाला, म्हणजे गाड्यांच्या सीटा शिवणारा मेस्त्री. त्याच्याकडे जायचं ते दिवाळीनंतर, मोहोराच्या फवारण्या सुरू व्हायच्या आत. आंब्याच्या दिवसांत गाडी मोकळी नसते, आणि पावसाळ्यात हवेतल्या ओलीमुळे रेक्झिन चिकटवायचं सोल्यूशन धड धरत नाही.

बॅटरीची वायर काढून मेस्त्री स्क्रूंच्या मागे लागला. काचेच्या बुडाशी पाना सरळ जात नाही, आणि तिथलाच स्क्रू गंजून डोकं गेलेला. क्लिपा तर हात लावताच मोडल्या. पॅड उचलला तेव्हा खाली काय नव्हतं! टोलच्या पावत्या, सुकलेली झेंडूची फुलं, पेनाचं टोपण, पालीच्या अंड्यांची टरफलं आणि या सगळ्यावर पिठासारखा फोमचा भुगा.

मेस्त्र्याने सैल फोम पातीने तासला, खड्ड्यांत नवे तुकडे बसवले, पॉलिशपेपरने उंचवटे घासले. सोल्यूशन दोन्हीकडे लावायचं आणि बोटाला नुसतं चिकटेल इतपत सुकू द्यायचं. घाई केली तर कडा सुटतात. रेक्झिन त्याने आधीच उन्हात पसरून ठेवलं होतं. जे ऊन पॅडला मारतं, त्यानेच नवं रेक्झिन मऊ पडून वळणावर बसतं. झरोक्यांशी छोट्या चिरा देऊन कडा आत वळवल्या.

मला चकचकीत काळं आवडलं होतं. तो म्हणाला, "चकचकीत नको, मॅट घेवा. काचेत दिसता मगे." बरोबरच होतं, डॅशबोर्डची चकाकी काचेत उमटली की समोरचा रस्ता धुरकट होतो. अलीकडच्या, डाव्या बाजूला एअरबॅग असलेल्या गाडीला मात्र असं रेक्झिन चढवायचं नाही. ती उघडताना आवरण ठरल्या जागी फाटावं लागतं. आमच्या गाडीच्या वयाला ती काळजी नव्हती.

काकांनी नव्या पॅडवर बोट फिरवलं, बरं-वाईट काही म्हणाले नाहीत. त्यांचा डोळा उरलेल्या रेक्झिनवर होता. स्कूटरच्या सीटला पुरेल का, हे ते मेस्त्र्याला विचारत होते, आणि पुरत असेल तर मजुरी यातच धरणार ना, हेही.