चार म्हंजे चारच न?

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभासदांना ऑनलाइन खाती द्यायची ठरली, तेव्हा पडताळणीचा कोड एसएमएसने पाठवायचा बेत होता. पण कंपनीला एसएमएस पाठवायचा तर डीएलटीवर, म्हणजे व्यावसायिक एसएमएससाठीच्या सक्तीच्या नोंदणी-व्यवस्थेवर, आधी नोंदणी, मग मजकुराचा नमुना मंजूर, असा सगळा सोपस्कार. ते कागद अडकले. सोयाबीनची सोंगणी तोंडावर आलेली, म्हणून ईमेलवर आलो. हिंगणघाटच्या बाजूच्या आमच्या गावात मेल कोण उघडून बघतो, ही शंका रास्तच होती. पण अँड्रॉइड फोन आहे म्हणजे त्यात बहुधा जीमेलचं खातं असतंच, फोन विकणाऱ्या पोराने दुकानातच उघडून दिलेलं.

मेलची बाजू माझ्याकडे होती. डोमेनवर एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी (मेल खरंच आमच्याकडूनच आलाय हे पटवणाऱ्या) टाकल्या, कारण फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलला यांपैकी निदान एक तरी लागतेच. कोड ६ आकडी, १० मिनिटं चालणारा, ५ वेळा चुकला की खातं बंद. सहा आकड्यांचे कोड १० लाखच होतात, त्यामुळे मर्यादा घातली नाही तर एखादा प्रोग्राम एकामागून एक लावत सुटेल. कोड जसाच्या तसा साठवायचा नाही, त्याचा हॅश ठेवायचा, म्हणजे गणिताने काढलेला असा ठसा, ज्यावरून मूळ कोड थेट वाचता येत नाही. कुणी काय टाइप केलं तेही लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, लिहायचं नाही. कोड टाकायचं पान मात्र बाहेरच्या मंडळींनी करून दिलेलं होतं.

नोंदणीच्या दिवशी दुपारपर्यंत बरं चाललं. मग बंद पडलेल्या खात्यांची यादी वाढायला लागली. मेल पोचत होते, कोडची मुदत शिल्लक होती, तरी लॉगमध्ये एकच ओळ: कोड जुळला नाही. काय टाकलं ते कळायला मार्ग नाही, कारण ते लिहायचंच नाही असं ठरलेलं. सुरक्षिततेचे नियम पाळले की असं आंधळं व्हावं लागतं, आणि ते नियम मला आजही बरोबरच वाटतात.

एक मावशी काउंटरवर येऊन उभ्या राहिल्या. शेतातूनच आल्या होत्या, ओच्यात फोन.

"मी तं बराबर टाकलं न बाप्पा! चष्मा लावून टाकलं. हे घेतच नाही. काऊन?"

मी बाजूला उभा राहून बघितलं. मावशी एकेक आकडा मेलमध्ये बघून, ओठांनी पुटपुटत, बोट नेमकं ठेवून टाकत होत्या. पानावर मात्र पासवर्डसारखे नुसते काळे ठिपके. त्यांना काय उमटतंय ते दिसत नव्हतं आणि मलाही नाही. पाचव्यांदा लाल अक्षरं आली.

"मावशी, हाच कोड मला व्हॉट्सॲपवर टाकता का?"

"तुमच्याच मेलात लिवलं हाय न, कोनाले सांगू नका म्हनून."

बोलणंच खुंटलं. तो कोड आता रद्द झालाय, त्याने काही होणार नाही, हे पटवून दिल्यावर त्यांनी पाठवला. माझ्या फोनवर आलं: ४०७१९२. देवनागरीत. त्यांचा कीबोर्ड मराठी, आकडेही मराठी.

"मेलमध्ये तर इंग्रजी आकडे आहेत, मावशी."

"मंग? चार म्हंजे चारच न?"

संगणकाला नाही. युनिकोडमध्ये देवनागरी शून्य ते नऊ यांना वेगळे क्रमांक आहेत, आणि हॅश काढला की दोन्हींचं काहीच जुळत नाही. यादी परत बघितली तेव्हा उलगडा झाला. कॉलेजातली पोट्टी कोड मेलमधून कॉपी करून चिकटवत होती, ती सुटली. ज्यांचं पोरांनी इंग्रजी कीबोर्डवर टाकून दिलं, तेही सुटले. अडकले होते ते मराठीत लिहायला शिकून स्वतःच्या हाताने सगळं करणारे. आमच्या नियमांनी हल्लेखोर म्हणून नेमकं त्यांनाच बाहेर ठेवलं होतं.

पान करून देणाऱ्यांना फोन केला. उत्तर मिळालं, "सर, युजरला इंग्रजी कीबोर्ड ठेवायला सांगा." गावात मराठी कंपनीचं मराठी पान, आणि आकडे तेवढे इंग्रजीत लिहा! मी वाद घातला नाही. सर्व्हर माझ्या हातात होता. आलेल्या मजकुरातली मोकळी जागा काढायची, देवनागरी आकडे इंग्रजीत बदलायचे, मग हॅश. काम काही ओळींचंच. हॅशआधी कोडची संख्या मात्र करायची नाही, नाहीतर शून्याने सुरू होणारा कोड पुढचं शून्य गमावतो आणि साधारण दहातला एक माणूस विनाकारण अडकतो. ठिपके काढून आकडे उघडे दाखवा आणि आकड्यांचाच कीबोर्ड उघडू द्या, हे त्या मंडळींना लेखी कळवलं. १० मिनिटांत मरणारा कोड लपवून कुणाचं भलं होतं, कोण जाणे.

मावशींना नवा कोड पाठवला. त्यांनी पुन्हा मराठीतच टाकला आणि खातं उघडलं. "आता चुकारा याच्यातच दिसन का?" एवढं विचारून त्या बस गाठायला गेल्या.

बाकीची खाती संध्याकाळपर्यंत मोकळी केली. काही तरीही राहिलीच. त्यांच्या फोनमधला मेलचा पत्ता मोबाइल दुकानदाराचा निघाला, एकच पत्ता कितीतरी सभासदांच्या नावापुढे. तिथे कोड जुळला असता तरी पडताळणी दुकानदाराचीच झाली असती. ती खाती मी मुद्दाम बंदच ठेवली. त्या सभासदांनी आधार आणि सातबारा घेऊन ऑफिसात यायचं, असं संचालकांशी बोलून ठरवलं.