पायाने ऐकायचं यंत्र

टेबलावरचं यंत्र निवडायचं तर आधी टेबलाखाली बघावं, असं माझं मत आहे. ऑफिसात ते कोणालाही पटत नाही. रेकॉर्ड केलेलं बोलणं ऐकून टाइप करायचं असेल, तर पायाखाली पेडल हवं. हात की-बोर्डवर, कान हेडफोनमध्ये आणि थांबणं, चालू करणं, मागे नेणं हे सगळं पायाकडे. कंपनी, रंग, वॉरंटी ही दुकानदाराशी गप्पा मारायला ठीक.

हे खूळ आईकडून आलं. आई फोर्टातल्या एका वकिलांकडे स्टेनो होती. साहेब बोलायचे, ती वहीत पिटमन लघुलिपीच्या रेघोट्या काढायची. पुढे साहेबांना रात्री घरी बसून डिक्टेशन द्यायची सवय लागली. त्यांनी खिशात मावणारा मायक्रोकॅसेट रेकॉर्डर घेतला, आणि त्या कॅसेटी ऐकायला ऑफिसात यंत्र हवं झालं. ऐंशीच्या दशकाची अखेर असेल. एका शनिवारी साहेब, आई आणि शाळेच्या युनिफॉर्ममधला मी असे लॅमिंग्टन रोडवर गेलो.

दुकानदार साहेबांशीच बोलत होता. फिलिप्सची मिनी कॅसेट 1967 ची, ऑलिंपसची मायक्रोकॅसेट 1969 ची, दोन्ही आगपेटीहून जरा मोठ्या, पण एकीच्या यंत्रात दुसरी चालत नाही. त्यामुळे अर्धं दुकान आपोआप बाद झालं. उरलेल्यांत साहेबांना एक रुबाबदार काळं यंत्र आवडलं. आईला कोणी विचारलंच नव्हतं. तिने चपला काढल्या, पेडल फरशीवर ठेवायला लावलं आणि उभ्या उभ्याच पाय टेकवला. दाबला, उचलला, पुन्हा दाबला.

"याला मागचं आठवत नाही. हे नको," ती म्हणाली.

साहेब बघतच राहिले. पण तिचं बरोबर होतं. चांगल्या यंत्रात पाय उचलला की टेप थांबते आणि आपसूक जराशी मागे सरकते. पुन्हा पाय दिला की शेवटचे दोन-तीन शब्द परत ऐकू येतात. बोलणारा मिनिटाला सहज शंभर-सव्वाशे शब्द बोलतो. टायपिंगची 40 ची परीक्षा पास झालेला माणूस त्याच्यामागे कितीसा धावणार? सारखं थांबावं लागतं. आणि थांबल्यावर धागा तिथल्या तिथे मिळाला नाही, तर दिवसभर नुसतं चाचपडणं. वेग कमी करायचं चाकही असतं, पण त्याने आवाज घोगरा होतो. आईला ते आवडायचं नाही. साहेब आजारी असल्यासारखे वाटतात, म्हणायची.

काळं यंत्र दुकानातच राहिलं, दुसरं आलं. पुढे रात्री जेवताना बाबा काही सांगायला लागले की ताटामागे आईचा उजवा पाय शिलाई मशीनवर असल्यासारखा हलायचा. बाबांना हे कळलं होतं की नाही, देव जाणे.

आवाज साठवून परत ऐकवणारा फोनोग्राफ काढल्यावर 1878 साली एडिसनने एका लेखात त्याच्या उपयोगांची यादी दिली होती. पहिलाच उपयोग पत्रं आणि डिक्टेशन, तेही स्टेनोच्या मदतीशिवाय. गाणं चौथ्या नंबरावर! म्हणजे आईची नोकरी घालवायचा बेत तिच्या जन्माच्या कितीतरी आधी शिजला होता.

शिजायला वेळ मात्र बराच लागला. कारण टेपवर नुसता मजकूर नसतो. साहेब इंग्रजीतून नोटीस सांगता सांगता मध्येच मराठीत यायचे. "बाई, हे वाक्य घेऊ नका." "ते मघाचं थोडं सौम्य करा." कुठे खोकला, कुठे दाराची बेल, कुठे घरच्यांवर ओरडणं. यातलं काय कागदावर जायचं आणि काय कानातच विरायचं, हे आई ठरवायची. नोटिशीच्या तळाशी डाव्या कोपऱ्यात साहेबांची आद्याक्षरं मोठ्या लिपीत, मग तिरकी रेघ, मग आईची लहान लिपीत. चूक निघाली तर त्या लहान अक्षरांना बोलावणं यायचं.

आमच्या पतसंस्थेत आता संचालक मंडळाच्या सभा रेकॉर्ड होतात आणि इतिवृत्त सॉफ्टवेअर लिहून देतं. निवड करायला कमिटी होती. मी पेडलचा विषय काढला, तेव्हा लोक माझ्याकडे प्रेमाने हसले. सॉफ्टवेअर हुशार आहे, हे कबूल. खोकले गाळतं, मराठी बऱ्यापैकी लिहितं, चहा यायच्या आत दोन तासांची सभा कागदावर उतरवतं. मागे जायची त्याला गरज वाटत नाही.

गेल्या सभेत एका कर्जदाराचा मुदतवाढीचा अर्ज नामंजूर झाला. बोलणाऱ्याने 'ना' घाईत गिळला, आणि इतिवृत्तात अर्ज मंजूर झाला. पुढच्या सभेत ते वाचून दाखवलं जात असताना कोणाच्या तरी लक्षात आलं. तोवर त्या माणसाला पत्र गेलेलं होतं. पत्र खोटं म्हणावं तर संस्थेचा शिक्का, खरं म्हणावं तर ठराव उलटा.

"हे लिहिलं कोणी?" अध्यक्षांनी विचारलं.

सगळ्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं. त्या माणसाला आता दुसरं पत्र पाठवायचं आहे, आणि त्यावर सही करायला कोणी तयार नाही.