तुम्ही विचारलंत म्हणून: होय, माझं नाव बाळूच

माझ्या दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरात 'बाळू' आहे आणि त्याखाली 'ब्लाउज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको'. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत नवी राहायला आलेली बाई पाटी वाचते, दाराशी थबकते, पदर सावरते आणि आत डोकावून विचारते, "बाळूदादा हायत काय?" मी तोंडातली टाचणी काढते आणि म्हणते, "मीच." पुढचा प्रश्न ठरलेला. "खरं नाव हाय, का दुकानापुरतं?"

खरं. आधारवर तेच, दहावीच्या सर्टिफिकेटवर तेच. आजवर "आधी माप द्या, मग सांगतो" म्हणून मी गिऱ्हाइकाला टेप लावला आणि विषय मिटवला. पण गेल्या महिन्यात पुण्याहून भाचीचा फोन आला. तिला सातवा लागलाय. "मावशी, मुलगी झाली तर बंटी ठेवणार. घरातल्या हाकेचं नाव नव्हे, दाखल्यावरचं. तुझ्यावरूनच सुचलं. कसं वाटतंय?"

मला आधी तीन बहिणी. १९७७ साली चौथी मी. माहेर भुदरगड तालुक्यातलं, आदमापूर जवळ, म्हणून लोकांना वाटतं ही बाळूमामांच्या नवसाची पोर. नवस होता खरा, पण तो माझा नव्हे, माझ्या पाठच्याचा. आजीचा हिशोब सरळ होता: हिला बाळू म्हणत राहा, मागनं बाळू येतोय. बारशाला आत्यानं कानात कुर्र करून सांगितलं ते सुनंदा. ते पाळण्यातच राहिलं. (बारशाचंही बघा. पोरगी असली तरी पाळण्याखालून-वरून देताना बायका म्हणणार, 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या'. कुणी गोदावरी घ्या म्हटलेलं मी अजून ऐकलेलं नाही.) पुढं जूनमध्ये वडील मला शाळेत घालायला गेले. मास्तरांनी नाव विचारलं. वडिलांच्या तोंडात सहा वर्षं जे बसलं होतं तेच बाहेर पडलं. मास्तरांनी एकदा माझ्या दोन वेण्यांकडं बघितलं आणि लिहून टाकलं.

तोवर भाऊ झालेला होता. त्याचं नाव विश्वजीत. ज्याला बोलवायला 'बाळू' लावला होता, त्याला ते नाव कुणी दिलं नाही. लग्न उरकल्यावर मांडवाच्या डहाळ्या दारात वाळत राहतात, तसं ते माझ्याकडंच राहिलं.

म्हणून मला या नावाचं फार कौतुक कुणी सांगू लागलं की जरा हसू येतं. २०११ साली साताऱ्यात 'नकुशा' नावाच्या २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं दिली. पेपरात वाचलं आणि वाटलं, मी हिची चुलत बहीण. तिचं नाव तोंडावर बोलतं, माझं लाडानं बोलतं, सांगणं एकच. आता उलटी बाजू. ज्या घरात पोरगे जगत नसत, तिथं पोराचं नाक टोचून नथ घालायचे आणि त्याला नथू म्हणायचे. दगडू, धोंडूही त्यातलेच. सटवीला वाटावं की ही पोरगीच आहे, नाहीतर दगड आहे, न्यायच्या लायकीचं काही नाही. म्हणजे पोराला पोरीचं सोंग दिलं ते पोरगा वाचावा म्हणून, आणि पोरीला पोराचं नाव दिलं ते पोरगा यावा म्हणून. दोन्हीकडून लबाडी एकाच्याच सोयीची.

भाचीचं म्हणणं, "तसलं काही नाही गं, पोराचं नाव असलं की मुलगी खमकी होते." हे मला पटत नाही. कोल्हापुरात पोरी तशाही 'मी आलो', 'मी जेवलो' म्हणतात. मी इथं 'आले' लिहिते ते लिहिण्यापुरतं. नाव सुमन असो नाहीतर शोभा, क्रियापद पुरुषी. पुण्यात लोक त्याला हसतात, आम्हाला त्याचं काही वाटत नाही. आणि राही सरनोबत याच गावची ना? हिंदीवाले राही म्हणजे वाटसरू समजतील, पण आपली राही आरतीतली, रखुमाबाईच्या आधी येणारी. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत पिस्तुलानं सुवर्ण आणलं ते या बायकी नावानं. शिवाय आमच्या गावात 'बंटी' म्हटलं की माणसं आधी निवडणुकीचं बोलायला लागतात. बंटी पाटील आणि मुन्ना महाडिक ही पुढाऱ्यांची नावं ऐकत मोठ्या झालेल्या गावात तुझी पोरगी आजोळी आली की काय काय ऐकेल, याचा विचार कर म्हटलं.

कागदाचा त्रास वेगळाच. मतदार यादीत मी बरीच वर्षं पुरुष होते. दहावीच्या हॉलतिकिटावरही. फोनवर "बाळू बोलतोय" म्हटलं की पलीकडून "बोला भाऊ" येतं. यात चूक त्याची नाही, 'बोलतोय' माझंच. कळस झाला २०२४ ला, लाडकी बहीणच्या फॉर्मला. कॉम्प्युटरवरच्या पोरानं नाव वाचलं आणि मान वर न करता म्हणाला, "पुरुषांना नाही ओ." मान वर केल्यावर लाजला. पुढच्या वर्षी १४ हजारांवर पुरुषांनी ते पैसे उचलल्याची बातमी आली, तेव्हा गल्लीतल्या बायकांनी पेपर आणून माझ्या मशीनवर ठेवला.

तेव्हा भाचीला एवढंच सांगितलं की घाई करू नको. जन्माची नोंद नावाशिवायही होते. वर्षभरात नाव घातलं तर फी नाही, त्यानंतर उशिराची फी भरून १५ वर्षांपर्यंत घालता येतं. हाकेनं बंटी म्हण, बंड्या म्हण, पोरगी ते घेते का झटकून टाकते ते बघ. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या नावात बापाच्या आधी आईचं नाव येतं, म्हणजे बंटीच्या मागोमाग तूच असणार. मला ते असतं तर तेवढाच आधार होता.

ती गप्प झाली. मग म्हणाली, "एवढं आहे तर तू का नाही बदललंस? राजपत्रात छापलं की झालं."

बदललं होतं की. १९९९ ला, लग्नात. सासरच्यांना हायसं वाटलं असणार. तांदळाच्या ताटात नवऱ्यानं अंगठीनं 'वैशाली' लिहिलं. घर बदललं की नाव बदलायचं, त्यात नवल नाही. कागलच्या घाटग्यांचा यशवंत १८८४ ला दत्तक आला आणि शाहू झाला. पण बायकांनी नवऱ्याला उखाण्यासाठी धरलं तेव्हा हा गडी नवं नाव विसरला आणि म्हणाला, "रंकाळ्याच्या काठावर भेळेची गाडी, बाळूनं नेसली हिरवी साडी." मांडव खो खो हसला. मीही.

पुढं सहा महिने घरात वैशाली चालली. कुणी "वैशाली" म्हटलं की मी वळून बघायची, कोण आली म्हणून. सासूबाई नेटानं म्हणत होत्या. आणि एका सकाळी मी परड्यात धुणं वाळत घालत होते, त्यांनी दोनदा वैशाली म्हणून हाक मारली, मला पत्ता नाही. तिसऱ्यांदा आतून ओरडल्या, "अगं बाळू, दूध उतू चाललं!"

मी धावले.