वेंधळ्या शब्दांचा तास

आमच्या इंग्रजीच्या सरांना वर्गात कुणी कुणाला नावं ठेवलेली खपत नसे. नावं ठेवणाऱ्या शब्दांची कुळकथा सांगायची मात्र त्यांना भारी हौस. व्याकरण उरकलं की एखादं विशेषण फळ्यावर यायचं आणि त्याची मुळापासून नांगरणी सुरू व्हायची. धसमुसळेपणाची, ओबडधोबडपणाची विशेषणं तर त्यांची खास लाडकी. चालतेबोलते नमुने समोरच बसलेले असायचे, म्हणून असेल.

'क्लम्झी' आलं ते ऐन थंडीत. शब्दाचं मूळ स्कँडिनेव्हियन भाषांकडचं, अर्थ थंडीने बधिर होणं. गारठ्याने बोटं आखडली की हातातली वस्तू निसटणारच. सोळाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी हे विशेषण सरसकट वेंधळ्यांना चिकटवलं. 'ऑकवर्ड'मधला 'वर्ड' हा 'फॉरवर्ड'मधलाच, आणि 'ऑक' म्हणजे उलटा, चुकीच्या बाजूचा.

बाजूचा विषय निघाला की मी सरसावून बसायचो, कारण मी डावखुरा. फ्रेंचमध्ये 'गॉश' म्हणजे डावा. इंग्रजीत गेल्यावर तो चारचौघांत कसं वागावं हे न कळणारा झाला. लॅटिनमधला डावा 'सिनिस्टर' इंग्रजीत थेट अशुभ, कपटी बनला. उजव्या 'डेक्स्टर'चा मात्र 'डेक्स्टरस', म्हणजे कुशल हातांचा. मग सरांनी सगळ्या वर्गाला पूर्वेकडे तोंड करून उभं केलं. उजवा हात कुठे? दक्षिणेला! आपला 'दक्षिण' आणि लॅटिनचा 'डेक्स्टर' एकाच मुळाचे, आणि संस्कृतातही दक्षिण म्हणजे उजवा, तसाच निपुणसुद्धा. 'वाम'च्या वाट्याला काय आलं ते सांगायला नकोच. शब्द घडवणारे इथूनतिथून सगळे उजव्या हाताचे. आम्हाला विचारतो कोण?

डावखुऱ्यांनंतर शेतकरी. 'बूरिश' म्हणजे रांगडा, असभ्य. त्यातला 'बूर' हा डच भाषेतला शेतकरी. 'चर्लिश'मधला 'चर्ल' जुन्या इंग्लंडातला साधा कुणबीच म्हणा. सिनेमातला 'व्हिलन'सुद्धा मुळात 'व्हिला'वर, म्हणजे जमीनदाराच्या शेतवाडीवर राबणारा गडी. निम्मा वर्ग शेतकऱ्यांच्या पोरांचा, त्यामुळे जरा कुजबुज झाली. तेव्हा सरांनी आपल्या घरचं काढलं: गावंढळ, गावठी. 'ग्राम्य' तर आपल्या काव्यशास्त्रात दोषांच्या यादीत बसलेलं. इंग्रजांना हसायची सोय उरली नाही.

मला सगळ्यांत आवडलं 'अनकूथ'. आज त्याचा अर्थ असंस्कृत, पण जुन्या इंग्रजीत नुसता अनोळखी. त्याची 'नो' या क्रियापदाशी आणि आपल्या 'ज्ञा' धातूशी भाऊबंदकी. म्हणजे 'अनकूथ' आणि 'अज्ञात' हे लांबचे का होईना, चुलतभाऊ. अनोळखी माणूस असभ्य ठरायला फार वेळ लागत नाही, एवढंच सर बोलले आणि पुढच्या शब्दाकडे वळले.

'रूड'चा अर्थ मला शाळेत नीटसा भिडला नव्हता. तो कळला आयटीआयला फिटर झाल्यावर. लॅटिन 'रूडिस' म्हणजे घडणावळ न झालेला, कच्चा. फाउंड्रीतून आलेलं, वाळूचे खडे चिकटलेलं कास्टिंग, म्हणजे धातूचा ओतीव तुकडा, पाहिलं की तो शब्द हाताला लागतो. त्याच 'रूडिस'चा खडबडीतपणा काढून टाकला की 'एरुडाइट', म्हणजे विद्वान! शिक्षणाची इतकी सरळ व्याख्या मला दुसऱ्या कुठल्या शब्दात सापडलेली नाही. 'क्रूड' म्हणजेही कच्चा, पण त्याचं गोत्र रक्तामांसाचं: 'क्रुएल' त्याचा सख्खा, आणि आपला 'क्रूर'ही त्याच घराण्यातला.

आमच्या टूलरूममध्ये कानशींच्या प्रती ठरलेल्या आहेत: रफ, बास्टर्ड, सेकंड कट, स्मूद, डेड स्मूद. दुसरं नाव ऐकून नवे अप्रेंटिस दरवर्षी खिदळतात. मीही सरांसारखी कुळकथा सुरू करतो, तेवढ्यात फोरमन ओरडतो. मग कानस त्यांच्या हातात देतो आणि काम घट्ट धरून ठेवणाऱ्या व्हाइससमोर डावा पाय पुढे टाकून उभं राहायला सांगतो. डावखुरा असेल त्याने उजवा.