चालू होतोय का बघ

फोन पाण्यात पडला की घरातलं पहिलं वाक्य ठरलेलं आहे : "चालू होतोय का बघ." बादलीतून निघो, मोरीतून निघो की पँटच्या खिशासकट वॉशिंग मशीनमधून निघो, फोन पुसून व्हायच्या आत कुणाचा तरी अंगठा बाजूच्या बटणावर गेलेला असतो. स्क्रीन उजळली की सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. "काही नाही झालं गं, चालतोय," असं जाहीर होतं. जरा वेळाने कुणीतरी तो चार्जिंगला लावतं आणि रात्रीतून कधीतरी तो कायमचा काळा होतो. मग खापर पाण्यावर फुटतं.

पाण्याची बाजू घ्यायला कुणीतरी हवं म्हणून मी घेते. शुद्ध पाणी विजेला जवळजवळ वाट देतच नाही. पण शुद्ध पाण्यात पडायचं तर फोनला प्रयोगशाळेत जाऊन पडावं लागेल. आपले फोन पडतात ते बोअरच्या जड पाण्यात, साबणाच्या फेसात, गणपतीपुळ्याच्या समुद्रात आणि क्वचित आमटीत. या सगळ्यांत क्षार विरघळलेले असतात आणि क्षारांचं पाणी वीज बिनबोभाट वाहून नेतं. फोनच्या बोर्डावर तांब्याच्या बारीक रेषा एकमेकींना जेमतेम चुकवून शेजारी शेजारी गेलेल्या असतात. दोन रेषांच्या मधे असा एक थेंब बसला आणि बॅटरीचे तीन-चार व्होल्ट तिथे हजर असले, की एकीकडचं तांबं विरघळायला लागतं आणि दुसरीकडे त्याचे सूक्ष्म फाटे फुटून वाढतात. फाटा समोरच्या रेषेला टेकला की शॉर्ट. हे काही मिनिटांतसुद्धा होऊ शकतं. वीज नसेल तर त्याच पाण्याला बोर्ड गंजवायला कितीतरी जास्त वेळ लागतो. थोडक्यात, ओला पण बंद फोन आपल्याला सवड देतो. ओला आणि चालू फोन देत नाही.

तेव्हा उपचार काय, तर बंद करायचा, आणि आपणहून बंद पडला असेल तर बंदच राहू द्यायचा. नोकिया ११०० च्या काळात हे आपोआप व्हायचं. तो फोन हातातून पडला तरी पाठीचं झाकण एकीकडे, बॅटरी दुसरीकडे अशी पांगापांग व्हायची. भिजला तर बॅटरी काढणं ही पहिली हालचाल कुणी शिकवावी लागत नसे. वीज तुटली, विषय मिटला. आता बॅटरी आत चिकटवलेली असते. बंद केला म्हणजे फोन झोपला, बॅटरीची नाळ काही तुटली नाही. तरीही चालू ठेवण्यापेक्षा शंभर पटींनी बरं.

हे ऐकायला सोपं आणि घरात अशक्य. आपल्याकडे संकटात काही न करणं म्हणजे काळजी नसणं. त्यामुळे जमलेला प्रत्येक जण काहीतरी करतो. आत्या हेअर ड्रायर आणते. काका चार्जिंगच्या भोकात फुंकर मारतात, म्हणजे बाहेर येऊ पाहणारं पाणी आणखी आत ढकलतात. चुलतभाऊ कानात घालायच्या कापसाच्या काडीने कोरतो आणि कापसाचे दोन तंतू आतच ठेवून येतो. शेजारच्या काकू म्हणतात, उन्हात ठेवा. हेअर ड्रायरने आणि कडक उन्हाने कडांचा गोंद मऊ पडतो, आणि उष्णता लिथियमच्या बॅटरीला मुळीच मानवत नाही. यातल्या कुणाचाही हेतू वाईट नसतो. फोनला मात्र हेतूशी कर्तव्य नसतं. त्याला हवं असतं इतकंच : कोरड्या फडक्याने पुसा, सिमचा ट्रे काढून ठेवा, चार्जिंगचं तोंड खाली करून तळहातावर हलकेच दोन-चार वेळा आपटा, आणि पंख्याखाली सोडून द्या.

या सिमच्या ट्रेजवळ, आतल्या बाजूला, बऱ्याच फोनमध्ये एक पांढरा बारकासा चिकटपट्टीचा तुकडा असतो. पाणी लागलं की तो लाल होतो आणि पुन्हा पांढरा होत नाही. सर्व्हिस सेंटरमधला मुलगा आपली करुण कहाणी ऐकता ऐकता आधी तिथे टॉर्च मारतो. "वॉटरप्रूफ होता ना हो?" हा आपला प्रश्न त्याला पाठ आहे. खोक्यावर आयपी ६७ लिहिलेलं असतं. त्यातला सहा धुळीचा आणि सात पाण्याचा. सात म्हणजे एक मीटर खोल साध्या पाण्यात अर्धा तास, तेही नवा कोरा फोन, आणि पाणी हलत-डुलत नसलेलं. समुद्राची लाट, पोहण्याच्या तलावातलं क्लोरीन, निरम्याचा फेस हे त्या परीक्षेच्या अभ्यासक्रमात नाहीत. शिवाय आतलं सील काळाबरोबर थकतं, आणि स्क्रीन फुटल्यावर बाजारपेठेतल्या दुकानात कमी पैशांत बदलून घेतली असेल तर ते सील पुन्हा नीट बसलंय की नाही देव जाणे. एवढं सगळं असून वॉरंटीच्या कागदावर बहुतेक ठिकाणी पाण्याचं नुकसान वगळलेलंच असतं. कंपन्यांचा हा आत्मविश्वास मला नेहमीच गमतीचा वाटत आला आहे.

आता तांदूळ.

फोन तांदळात ठेवायचा हे कुणी कुणाला सांगितलं कोण जाणे, पण माझ्या पाहण्यात याबाबत मतभेद असलेलं घर नाही. आपल्याकडे या समजुतीला पाया तयारच होता. हॉटेलातल्या मिठाच्या डबीत तांदळाचे दाणे दिसतात, चिकू पिकायला तांदळाच्या डब्यात जातात, आणि एकेकाळी घरातल्या बाईचे साठवलेले पैसेही तिथेच असायचे. त्या डब्यात फोन गेला यात नवल नाही. पूजेत तांदळाच्या राशीवर सुपारीचा गणपती बसवावा तसा तो तिथे बसतो, आणि त्याच्याकडून अपेक्षाही साधारण तेवढ्याच असतात.

२०२४ च्या जानेवारीत अॅपलने आपल्या सूचनांमध्ये स्पष्टच लिहिलं की आयफोन तांदळाच्या पिशवीत ठेवू नका, बारीक कण आत जाऊन नुकसान होऊ शकतं. जगभर बातम्या झाल्या. माझ्या आईने बातमी वाचली आणि म्हणाली, "त्यांचा तांदूळ वेगळा असेल." तांदळाच्या बाबतीत तिचं म्हणणं सहसा खोडून काढता येत नाही, पण इथे अॅपल बरोबर आहे. तांदळाला पांढरी भुकटी असते, ती ओल्या भोकात गेली की खळ तयार होते. आणि तांदूळ हवेतली ओल ओढून घेतो हे खरं असलं, तरी मुळात तो कोरडा हवा. दुकानातून येतानाच त्याच्यात बारा-चौदा टक्के पाणी असतं. रत्नागिरीच्या जुलैत, जिथे डब्यातला पापड मऊ पडतो आणि दोरीवरची चादर तिसऱ्या दिवशीही आंबूस येते, तिथे आमचा तांदूळ स्वतःच कुणीतरी वाळवावा अशा अवस्थेत असतो. तो फोनची ओल काय घेणार! बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या त्याहून पुष्कळ कामाच्या, पण हवाबंद ठेवलेल्या असतील तरच. स्वयंपाकघराच्या खणात उघड्यावर वर्षभर पडलेल्या पुडीचं पोट आधीच भरलेलं असतं.

तरी मला तांदळाबद्दल ममत्व आहे. तांदळात पुरलेल्या फोनचं बटण कुणी दाबत नाही. "उद्यापर्यंत हात लावायचा नाही" हा नियम डब्याच्या झाकणामुळे पाळला जातो. अॅपलचं म्हणणंही चोवीस तासांपर्यंत लागू शकतात असंच आहे. टेबलावर पंख्याखाली ठेवलेल्या फोनला चोवीस तास सोडाच, चोवीस मिनिटं कुणी सुखाने राहू देत नाही.

'कोरड्या, हवेशीर जागी ठेवा' ही सूचना मात्र कॅलिफोर्नियात बसून लिहिणं सोपं आहे. आंबोलीत जुलै महिन्यात कोरडी जागा कुठली? हवेशीर जागा भरपूर, पण ती हवाच ओली. कोकणातल्या जुन्या लोकांना हा प्रश्न मोबाईलच्या आधीपासून माहीत होता. पिक्चर ट्यूबचा टीव्ही पावसाळ्यात रोज थोडा वेळ लावायचाच, बघायला कुणी नसलं तरी, म्हणजे आतली ऊब ओल धरू देत नाही, असा दंडक होता. चार दिवस बंद राहिलेला टीव्ही लावला की मागून चटचट आवाज येई आणि घरातली मुलं लांब पळत. फोटोग्राफर लोक कॅमेऱ्याच्या कपाटात बारका बल्ब लावून ठेवत, नाहीतर भिंगाला बुरशी धरते. ज्यांच्या घरी एसी आहे त्यांनी आज ती खोली वापरावी. एसी हवा थंड करताना तिच्यातलं पाणी काढून खिडकीबाहेर ठिबकवतो, म्हणून भर पावसाळ्यात घरातली तेवढी एकच जागा खरी कोरडी असते.

चहाचं प्रकरण वेगळं, आणि घरून काम सुरू झाल्यापासून ते फार वाढलं. लॅपटॉपवर पाणी सांडलं तर निदान पाणी उडून जातं. चहा सांडला तर पाणी उडतं आणि दूध-साखर मुक्कामाला राहते. आधी भिंतीवरचं बटण बंद, मग चार्जर काढा, मग लॅपटॉप बंद, मग उघड्याच अवस्थेत टेबलाच्या कडेवर पालथा घाला, म्हणजे की-बोर्ड खाली आणि स्क्रीन लोंबती. थिंकपॅडसारख्या काही लॅपटॉपना की-बोर्डखालून पाणी वाहून जायला नाल्या आणि तळाला भोकं दिलेली असतात. ज्याने ती दिली त्याला ऑफिसातली माणसं ठाऊक असावीत. पण दोन चमचे साखरेचा चहा कुठल्याही भोकातून पुरता निघून जात नाही. वाळल्यावर स्पेस बार दाबला की खालीच राहतो. बिनसाखरेचा पिणाऱ्यांना आयुष्यात मिळालेला हा एक फायदा.

हे सगळं करूनही काम दुकानात जातं ते जातंच. काउंटरमागचा मुलगा दोनच गोष्टी विचारतो. "कधी पडला?" आणि "चार्जिंगला लावला होता?" दुसऱ्या प्रश्नाला सगळे "नाही" म्हणतात. तो काही बोलत नाही. गरम हवेने कडा सैल करून पाठ उघडतो, भिंगाखाली चार्जिंगच्या जागेजवळचा हिरवट-पांढरा थर दाखवतो. "कार्बन धरलाय." तो कार्बन नसतो, गंजलेल्या तांब्याचे क्षार असतात, पण त्या दुकानात तो कार्बनच. मग आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि दात घासायचा ब्रश. हे अल्कोहोल पाण्यात सहज मिसळतं, ऐंशीच्या थोडं वर गेलं की उकळतं, आणि साध्या हवेतही पाण्याच्या आधी उडतं. जाताना सोबत पाणी घेऊन जातं. ब्रशने थर निघतो. निघाला तर फोन उठतो. "गॅरंटी नाही हां," हे तो आधीच सांगून ठेवतो, आणि मग थांबून विचारतो, "फोन पाहिजे की डेटा पाहिजे?" इतका वेळ फोनची किंमत सांगत असलेली माणसं इथे गप्प होतात आणि म्हणतात, फोटो तेवढे काढून द्या.

पुराच्या पाण्यात मात्र थट्टेला जागा नाही. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं, त्याआधी २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूर. पाणी ओसरल्यावर घरात उरतो तो गाळ, आणि फ्रिज, मिक्सर, पंप सगळ्यांच्या आत तोच. तिथेही माणूस "चालू होतोय का बघ" याच वाक्यावर येतो, आणि तिथे समोर तीन-चार व्होल्ट नसतात, दोनशे तीस असतात. मोटार वाइंडिंगवाले हे जाणतात. पुरातली मोटार आली की ते आधी ती स्वच्छ पाण्याने धुतात. भिजलेली वस्तू पुन्हा भिजवताना पाहून गिऱ्हाईक हबकतं, पण गाळ आणि क्षार आतच वाळले तर ते सगळ्यात वाईट. मग मोटार उबेत दिवस-दिवस वाळवायची, मेगर नावाच्या यंत्राने वाइंडिंगमधून वीज गळते का ते मोजायचं, आणि आकडा मनासारखा आला तरच जोडायची. घरातल्या वायरिंगलाही हाच न्याय. मेन स्विच पाडलेला, इलेक्ट्रिशियन बघून जाईपर्यंत पाडलेलाच.

फोनपुरतं बोलायचं तर आमच्याकडे शेवटचा वाद अजून सुटलेला नाही. भाच्याचा फोन भिजला, तांदळात गेला, निघाला, चालला. श्रेय अर्थात तांदळाला. डबा तसाच फडताळात गेला. रात्री आईने त्यातलं मापटं भरून घेतलं, तेव्हा कुणाच्या तरी मनात आलं म्हणून त्याला विचारलं, फोन पडला होता कुठे? तो म्हणाला, "बाथरूममध्ये." "म्हणजे बादलीत?" आई हातातलं मापटं तसंच धरून विचारत होती. तो फोनमध्ये बघत म्हणाला, "बादलीत असं नाही."